गोथाच्या ड्यूकची आठवण हवी

संपादक महोदय,

युरोपातील तीस वर्षांच्या युद्धाच्या (1618–1648) वर्णनांत सेनापतींना भरपूर जागा मिळते. मात्र त्याच युद्धाने उजाड झालेल्या जर्मनीच्या थुरिंगिया भागातील लहानशा साक्स-गोथा संस्थानाची सूत्रे 1640 मध्ये हाती घेणारे ड्यूक अर्न्स्ट (1601–1675) उपेक्षितच राहतात, याचे वाईट वाटते. युद्ध अजून संपलेले नसताना, 1642 मध्ये, त्यांनी आंद्रेआस रायहर या शिक्षणतज्ज्ञाकडून शाळांची नियमावली तयार करून घेतली आणि गावोगावच्या मुलांनाच नव्हे, तर मुलींनाही शाळा सक्तीची केली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई. इतिहासाच्या लेखनात अशा राज्यकर्त्यालाही सेनापतींइतकीच जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक