‘जरा कळ काढ’ म्हणणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही हमखास विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, माझ्यासारखेच कुणी पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न, म्हणजे सोल्डर धातू वितळवून तारा जोडायचे तापते हत्यार, हातात धरून स्वतःचा कीबोर्ड तारांनी जोडायला बसले असेल, तर तुम्ही मला जे शिकवले ते त्यांच्याही उपयोगी पडावे. पत्र त्याच कीबोर्डवर टंकले आहे. त्यात चार रांगा आणि बारा स्तंभ मिळून ४८ कळा आहेत, आत छापील सर्किट बोर्ड नाही, आणि त्यातला प्रत्येक जोड मी माझ्या हाताने दिलेला आहे.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती ६१ कळांचा आराखडा घेऊन. प्रो मायक्रो हा छोटा कंट्रोलर मी आधीच विकत घेऊन ठेवला होता, आणि कळांच्या तारा जोडायला त्याच्यावर वापरता येतील अशा पिना अवघ्या १८ आहेत हे कळल्यावर माझा धीर सुटला होता. कीबोर्ड तुम्ही कधी बनवला नव्हता, हे तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेत. पण आयुष्य सर्किटे दुरुस्त करण्यात गेल्यामुळे टेलिफोनच्या बटणांचे उदाहरण तुमच्या तोंडी तयार होते. बारा बटणे असतात, पण चार आडव्या आणि तीन उभ्या अशा सातच तारांवर ती चालतात. कंट्रोलर एकेका रांगेला आळीपाळीने हाक देतो आणि कोणत्या स्तंभातून उत्तर येते ते पाहतो, आणि हे तो इतक्या झपाट्याने करतो की बोटाला पत्ताही लागत नाही. माझ्या आराखड्यात पाच रांगा आणि चौदा स्तंभ होते, म्हणजे १९ पिना. एक कमी पडत होती. त्यावर तुम्ही चौकटीच्या कागदावर आठ गुणिले आठ काढून दाखवलेत: १६ पिनांत ६४ कळा बसतात, कारण तारांची रांग आणि डोळ्यांना दिसणारी रांग एकच असली पाहिजे असा काही नियम नाही.

माझा चेहरा उजळला, तोच तुम्ही म्हणालात, “पण पहिल्या खेपेला हे करू नकोस. रांग दिसते तशीच तारेत असू दे. नाहीतर चूक शोधताना दोन नकाशे डोक्यात बाळगावे लागतील.” त्या एका सल्ल्यामुळे मी ४८ कळांच्या सरळ जाळीवर आले. सगळ्या कळा एकाच मापाच्या झाल्या, लांब कळांखाली लागणाऱ्या स्टॅबिलायझरची कटकट टळली, आणि १६ पिना वापरून दोन शिल्लक राहिल्या. त्या संध्याकाळी मला हे जरा माघार घेतल्यासारखे वाटले होते. पुढे चुका शोधायची वेळ आली तेव्हा त्या माघारीची किंमत कळली.

डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, कशासाठी लागतो हे मी आधी अनेक ठिकाणी वाचले होते, पण ते समजले तुमच्या पेन्सिलीमुळे. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या तर वीज आडवाटेने उलटी फिरते आणि चौथ्या कोपऱ्यावरची कळही दाबल्यासारखी दिसते. प्रत्येक कळेला एकेक डायोड लावला की ती आडवाट बंद होते. १एन४१४८ या काचेच्या इवल्याशा डायोडवर एका टोकाला काळी पट्टी असते, ती सगळीकडे रांगेच्या तारेकडे ठेवायची असे मी ठरवले होते. तुम्ही तेव्हाच बजावले होते की दिशा कोणतीही चालेल, ती फर्मवेअरमध्ये, म्हणजे कंट्रोलरमध्ये चढवायच्या प्रोग्रॅममध्ये, सांगता येते, पण सगळ्यांची एकच हवी. मी मान डोलावली आणि तरीही पाच डायोड उलटे लावले.

कळा बसवण्याच्या पट्टीचे माझे अज्ञान तुम्ही हसण्यावारी नेले नाही, याचेही आभार. छिद्रे १४ मिलिमीटरची आणि एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंतचे अंतर १९.०५ मिलिमीटर, हे मी काटेकोर पाळले होते. पण जाडी १.५ मिलिमीटर हवी असते हे माझ्या नजरेतून सुटले आणि मी ३ मिलिमीटरचे अ‍ॅक्रिलिक कापून घेतले. त्यात स्विचच्या, म्हणजे टोपीखालच्या कळेच्या मूळ भागाच्या, कडेची खाच अडकतच नाही. कळेची टोपी ओढली की अख्खा स्विच वर येई, आणि खाली त्याला धरून ठेवणारा बोर्ड नसल्यामुळे जोडलेल्या ताराही सोबत ओढल्या गेल्या असत्या. तुम्ही गरम गोंदाची गन पुढे केलीत आणि म्हणालात की शोभा राहिली नाही तरी चालेल, स्विच राहिला पाहिजे.

आता सोल्डरिंगविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझी खरी परीक्षा तिथेच झाली. तुम्ही दिलेले ६३-३७ चे कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंशांना वितळते, म्हणून कमी तापमानावर सावकाश काम करणे सुरक्षित असेल असा माझा समज होता. झाले उलटेच: मंद आयर्न बराच वेळ टेकवून ठेवल्यामुळे स्विचचे प्लॅस्टिक मऊ पडले आणि पिन वाकडी झाली. आयर्न ३३० अंशांच्या आसपास तापवायचे, पिन आणि तार दोन्हींना एकदम टेकवायचे, सोल्डर आयर्नच्या टोकाला न लावता तापलेल्या जोडाला लावायचे आणि दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यायचा, हे तुम्ही मला सुट्या डायोडांवर करायला लावलेत. चांगला जोड पिनेला बिलगून उतरता दिसतो. मण्यासारखा गोल दिसला तर तो वरवर बसलेला असतो. माझी पहिली रांग म्हणजे बारा मण्यांची माळ होती. तुम्ही भिंग लावून ती पाहिलीत आणि अख्खी रांग उकलून पुन्हा करायला सांगितलीत.

काका, त्या दिवशी मी रागावले होते. पुढचे दोन दिवस तुमच्याकडे फिरकले नाही, आणि कारण विचारल्यावर कामाचा बहाणा सांगितला. तो बहाणा होता हे तुम्हालाही ठाऊक असणार. आज इथे माफी मागते.

तारांच्या बाबतीत मात्र मी तुमचे मुकाट्याने ऐकले. डायोडांचेच लांब पाय एकमेकांना जोडून रांगा झाल्या, आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या स्तंभांसाठी आवरण असलेली तार घेऊन ते फक्त जोडाच्या जागी सोलले. तरीही एका जागी आयर्नच्या चटक्याने आवरण वितळले. केबल लावताच पडद्यावर एकच अक्षर न थांबता उमटू लागले आणि मी घाबरून सगळेच उपटायला निघाले. तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, “जरा कळ काढ.” मी खरोखरच एक कळ उपसून हातात घेतली. तुम्हाला इतके हसताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

मग वीज कुठून कुठे जाते हे तपासणारा मल्टिमीटर आला. संगणकाला हात न लावता तपासण्याची जी रीत तुम्ही दाखवलीत, तीच नवशिक्यांनी या पत्रातून घ्यावी असे मला वाटते. केबल काढून ठेवायची, मीटर डायोडच्या खुणेवर आणायचा, लाल टोक स्तंभाला आणि काळे रांगेला लावायचे. कळ दाबली की ०.६ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा आणि सोडली की तो जायला हवा. एवढ्यात स्विच, डायोड, त्याची दिशा आणि सगळे जोड एकदम तपासून होतात. ४८ कळांना मला अर्धा तास लागला. पाच उलटे डायोड असेच सापडले. आणि जिथे कळ न दाबताच मीटर किंचाळला, तिथे ते वितळलेले आवरण होते.

एक दोष या तपासणीतूनही निसटला. एक कळ कधी चाले, कधी अक्षर दोनदा उमटवी. मी फर्मवेअरमधला डीबाउन्सचा आकडा, म्हणजे कळेची थरथर दुर्लक्षित करण्याचा वेळ, ५ मिलिसेकंदांवरून २० वर नेला आणि काहीच फरक पडला नाही. तुम्ही मला ती कळ दाबून धरायला लावलीत आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक तार हळूच हलवत गेलात. तिसऱ्या तारेला मीटरवरचा आकडा गेला. जोड वरून चकचकीत आणि आतून सुटा होता.

सर्वांत मोठी चूक मात्र सर्वांत सोपी निघाली. टॅब दाबले की मागचे अक्षर पुसले जाई आणि क्यूच्या जागी पी येई. बारा स्तंभ उकलावे लागणार, या कल्पनेने मला रडू कोसळायचेच बाकी होते. क्यूएमके हे फर्मवेअर तुम्ही कधी पाहिले नव्हते, तरी तुम्ही नेमके विचारलेत, “स्तंभांचा क्रम कोण ठरवते, तार की तुझी फाइल?” तारा बरोबर होत्या. मी त्या कीबोर्ड पालथा ठेवून जोडल्या होत्या आणि फाइलमध्ये पिनांची यादी तशीच डावीकडून लिहीत गेले होते. यादी उलटी केली, प्रो मायक्रोची रीसेट पिन झटकन दोनदा ग्राउंडच्या (जीएनडी) पिनेला टेकवली, पुढच्या आठ सेकंदांत फर्मवेअर चढवायला घेतले, आणि तुमच्या टेबलावर पहिल्यांदा सरळ शब्द उमटला.

या सगळ्या काळात तुम्ही माझ्या हातातून आयर्न एकदाही घेतले नाहीत. तुमच्या हाताला जे काम मिनिटभराचे होते, त्यासाठी तुम्ही माझ्या शेजारी तासन्‌तास बसलात. त्याबद्दल आभार मानण्यासाठीच खरे तर हे पत्र आहे.

तुमचा मल्टिमीटर अजून माझ्याकडेच आहे. येत्या रविवारी परत आणते, आणि सोबत एक नवा कागदही आणते: दोन हातांसाठी दोन वेगळे तुकडे, मध्ये एक केबल. या खेपेला रांगा आणि स्तंभ मी आधीच मोजले आहेत. तुम्ही हो म्हणालात, तर मीटर आणखी महिनाभर ठेवून घेईन म्हणते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली नम्र,
वरच्या मजल्यावरची शिकाऊ