बाबा, डांबर नको, तेल

ती. बाबांस आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबा निफाडचा पारा किती उतरला ते रंगवून सांगत होते, आणि आई मधेच म्हणाली, "गाडीवर पीठ कसलं सांडलंय गं?" मी "बर्फ आहे" म्हणून विषय उडवला. आई, ते मीठ होतं. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी लगेच पुढचे चार प्रश्न विचारले असते, म्हणून लिहिते आहे.

मे महिन्यात गच्चीवर आपण लाकडी बादलीतला पॉट फिरवायचो, आठवतं? बर्फात खडेमीठ टाकल्याशिवाय आइस्क्रीम आळायचं नाही. मिठाने बर्फाचं पाणी होतं आणि ते खारं पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही. इथे कॅनडात, ओटावाला, बर्फ वितळावा म्हणून हेच रस्त्यावर करतात, फक्त ट्रकने. साधं मीठ उणे 10 अंशांच्या आसपासपर्यंत बरं काम करतं. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, आणि फारच कडाका पडला की नुसती वाळू-खडी टाकतात. ही दोन क्लोराइडं हवेतलं पाणी ओढून घेतात, वाळतच नाहीत. पावसाळ्यात तुझ्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसं समज. ते पाणी चार महिने गाडीच्या पोटाला चिकटलेलं असतं.

बाबा, आता तुमच्याशी. तुमची सगळी नोकरी सातपूरला कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये गेली, तुम्हाला मी गंज काय शिकवणार. पण गाडी घेतली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "खालून काळं कोटिंग मारून घे, चिंता मिटली." मी मारून घेतलं. चूक तुमची नाही, माझी. नाशकात ते चालतं. पावसाळा चार महिने, मग कडक ऊन, पत्रा वाळतो. शिवाय कोऱ्या, स्वच्छ पत्र्यावर मारलं तर इथेही टिकतं. माझी गाडी जुनी, तिला आधीच ठिपके होते, त्यावरच ते डांबरी कोटिंग चढलं. थंडीत तो थर कडक झाला, खडी लागून तडकला, आणि फटीतून खारं पाणी आत शिरलं ते तिथेच राहिलं. वरून सगळं काळंभोर, छान. मेकॅनिकने रॅम्पवर पेचकसाने टोकरलं तर पापडासारखा पापुद्रा सुटला आणि मागे पत्र्याची चाळण.

रॅम्पवर गाडी का गेली होती, हे मात्र मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. गेल्या मार्चमध्ये सिग्नलला ब्रेक दाबला आणि पेडल जवळजवळ तळाला गेलं. मागच्या चाकाचा लोखंडी ब्रेक पाइप गंजून फुटला होता. ब्रेकची दोन सर्किटं वेगळी असतात, एक गेलं तरी दुसरं धरतं, म्हणून हॅण्डब्रेक ओढत ओढत बाजूला घेता आली. मला काही झालं नाही. आई, चिडू नकोस. तेव्हा बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, सांगून काय करणार होते?

नवा पाइप तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचा टाकलाय, तो गंजत नाही. 'तांबं' ऐकल्यावर मला पहिल्यांदा काका आठवले, द्राक्षबागेत बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याची फवारणी, करताना विळ्याचं पातं बुडवून बघणारे. पात्यावर तांबूस थर आला की म्हणायचे, "चुना कमी पडला, टाक अजून." तांबं लोखंडाला खातं, ते असं. पण तिथे मोरचुदातलं तांबं पाण्यात विरघळलेलं असतं, इथे घट्ट पाइप आहे, त्यामुळे तेवढं भ्यायचं कारण नाही. तरी टोकाचे नट पोलादीच असतात, तिथे ग्रीस भरून घेतलंय. बरोबर केलं ना?

तर आता डांबर बंद, तेल सुरू. दर ऑक्टोबरला, मीठ पडायच्या आधी, खालून पातळ तेल फवारून घेते. दाराच्या आत, उंबऱ्यात, चाकाच्या कमानीत, सांध्यासांध्यात. ते वाळत नाही, सरकत राहतं आणि फटीत जातं. दोन दिवस गाडीखाली ठिबकतं, वासही येतो, शेजारी नाक मुरडतात. मुरडू देत. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजलेली नाहीत ना हे मी स्वतः काडी घालून बघते. बुजली की दार आतून सडतं.

तुम्हाला पटणार नाही अशी एक गोष्ट. गाडी शेडमध्ये हवीच, हा तुमचा नियम. इथे तळघरातलं पार्किंग गरम असतं. बाहेर उणे 15 मध्ये मीठ गोठून गप्प पडतं. आत आणली की वितळून कामाला लागतं. न धुतलेली गाडी रोज रात्री उबेत ठेवणं म्हणजे गंजाला गोधडी देणं. म्हणून दोन आठवड्यांनी, पारा शून्याच्या वर चढला की, खालून फवारा मारणाऱ्या वॉशिंगला नेते. गंज पत्र्याला खरा खातो तो मार्चमध्ये, बर्फ वितळताना.

आतल्या मॅट रबरी घेतल्या आहेत. बुटांना लागून येणारं खारं पाणी कार्पेटमध्ये मुरतं आणि फरशीचा पत्रा वरूनही खातं, हे मला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं.

मेमध्ये तुम्ही याल तेव्हा मीठ संपलेलं असेल. ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवून घेऊ, उभ्यानेच बघा. गुडघा घेऊन गाडीखाली सरपटायचं नाही. चेटकच्या फ्लोअरला ठोकून तुम्ही आवाजावरून पत्रा ओळखायचा, तसंच इथे ठोका. मेकॅनिकचा चेहरा मला बघायचाय. तो लाल मुठीचा पेचकस आणा. आई, तो चेक-इन बॅगेतच ठेव, हातातल्या बॅगेत काढून घेतात. आणि गोडा मसाला अर्धा किलो पुरे.

तुमची,
सोनू