नववी-दहावीच्या मुलांना व्याख्यान नको, काम द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नववी-दहावीच्या मुलांसाठी प्रेरणादायी व्याख्यानांचे सध्या पेव फुटले आहे. मांडव, ध्वनिक्षेपक, मोठमोठ्या माणसांच्या गोष्टी, टाळ्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला तीच मुले मागच्या बाकांवर मान टाकून बसलेली असतात. मग शिक्षक-खोलीत ठरलेले वाक्य ऐकू येते, ‘या पिढीला शिकायचंच नाही, मोबाईलने वाटोळं केलं.’ मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि मला हे अजिबात पटत नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एक गोष्ट फार लवकर कळते: समोरचे काम खरे आहे की नुसते उरकायचे आहे. विज्ञानाचे जर्नल घ्या. गेल्या वर्षीच्या दादा-ताईकडून आणायचे, आकृत्या आणि निरीक्षणांचे आकडेसुद्धा जसेच्या तसे उतरवायचे, शेवटी सही घ्यायची. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर 40-40 गुणांचे आणि प्रात्यक्षिकाचे 20. हे 20 गुण प्रयोगाला हात न लावताही पदरात पडतात, हे मुलांना आधीच्या तुकडीकडून कळलेले असते. एकदा हे कळल्यावर वर्गात उत्साह कुठून आणायचा?

भाषांच्या तोंडी परीक्षेचे 20 गुण मंडळाने काढून टाकले, तेव्हा 2019चा दहावीचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. केवढा गहजब झाला! पुढच्याच वर्षी गुण परत आले आणि निकाल 95.30 टक्के लागला. सगळी चर्चा टक्क्यांची. मुले शिक्षकासमोर उभी राहून स्वतःच्या शब्दांत खरोखर बोलतात का, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यात विजेचे युनिट येते. एक किलोवॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट. तो शिकवताना मी मुलांना घरचे लाईट बिल आणायला सांगते. एका वर्षी एक मुलगा पिठाच्या गिरणीचे बिल घेऊन आला. हा एरवी तोंड उघडत नसे. साडेसात अश्वशक्तीची मोटर, एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, म्हणजे तासाला साधारण साडेपाच युनिट, असा हिशेब फळ्यावर झाला. त्यावर तो उभा राहिला, ‘मॅडम, गिरणी रिकामी फिरली तरी तेवढंच युनिट जातं का?’ वर्गात दोन तट पडले. उत्तर मी सांगितले नाही. मीटरवरचा लाल दिवा वीज जाईल तसा लुकलुकतो, तो मोजायला सांगितले. त्याने वडिलांना सांगून एक मिनिट रिकामी गिरणी आणि एक मिनिट ज्वारी घालून, असे दोन्ही मोजून आणले. रिकाम्या गिरणीला लुकलुक बरीच कमी होती. भार नसला की मोटर वीज कमी ओढते, हे वर्गाला त्या मुलाने सांगितले, आणि पुढचे कितीतरी दिवस मुले मधल्या सुट्टीत त्याला गाठून घरच्या पंपाचे, मिक्सरचे प्रश्न विचारत होती. त्याला कुणी व्याख्यान दिले नव्हते.

हे काही नवे नाही. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्याच्या याच विचारातून. तिथून आलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वीज-जोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी कामे हाताने करतात, गावाला उपयोगी पडणारी कामे करून देतात. शाळेतून गळालेली मुलेही आश्रमात राहून शिकली. चाळीस वर्षे झाली, आणि तरीही बहुतेक शाळांना हे आपले वाटत नाही, याचे मला वाईट वाटते.

अडचणी मला ठाऊक आहेत. वर्गात साठ-सत्तर मुले, अशैक्षणिक कामांचा डोंगर, आणि आमच्या भागात तर कितीतरी ठिकाणी प्रयोगशाळा सहायकाचे पदच रिकामे. ही पदे शासनाने भरलीच पाहिजेत. पण व्याख्यानासाठी जो अर्धा दिवस आणि जे मानधन निघते, त्यात भिंगे, वायर, परीक्षानळ्या आणि दोन जोड तासिका नक्की बसतात. मुख्याध्यापकांनी एवढे तरी करून पाहावे.

पालकांनाही विनंती आहे. पालकसभेत ‘किती टक्के पडतील’ एवढेच विचारून उठू नका. मुलाचे जर्नल मागवून घ्या, त्यातला कोणताही एक प्रयोग उघडा आणि तो त्याने स्वतः केला का, आकडे कुठून आले, हे त्यालाच शिक्षकांसमोर सांगू द्या.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका, जि. सातारा