ते हेडिंग कोणी दिलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत लहान मुलांच्या ऑपरेशनच्या वेळी संमोहन वापरतात त्यावरचा लेख वाचला. लेख तसा बरा आहे, पण 'आता भुलीविना शस्त्रक्रिया!' हे हेडिंग कोणी दिलं हो? आत तर तसं एक अक्षर नाही. संमोहन भुलीच्या जोडीला असतं, भुलीऐवजी नाही. भुलीचा मास्क लावताना पोरगं घाबरू नये, सुई टोचताना कमी दुखावं, एवढ्यासाठी. नुसती हेडिंगं वाचून पान उलटणारे किती असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, उद्या कोणीतरी भूलतज्ज्ञाला सांगायचा की आमच्या बंड्याला औषध नको, नुसतं डोळ्यात बघून झोपवा. वर तो लोंबकळत्या घड्याळाचा फोटो. धन्य आहे.

आणि जणू सगळं कालच निघालंय! अहो 1845 साली बंगालात हुगळीला एस्डेल नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मेस्मेरिझमवर, म्हणजे संमोहनाच्या जुन्या अवतारावर, ऑपरेशनं केली होती, पुढे कलकत्त्यात त्याचं हॉस्पिटलसुद्धा निघालं. पण नुसते हात फिरवून गुंगी आणायला कधीकधी तासन्‌तास जायचे, मग ईथर आणि क्लोरोफॉर्म ही भुलीची औषधं आल्यावर कोण एवढा वेळ घालवणार.

वेळेवरून आठवलं. माझ्या लेकीच्या मुलाचं मध्यंतरी पुण्यात टॉन्सिलचं ऑपरेशन झालं, सहा वर्षांचा आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, लिहिलं तरी तुम्ही छापणार नाही. पहिला नंबर लावतो म्हणाले म्हणून रात्रीपासून उपाशी, आणि सर्जन दुसरीकडे अडकले ते दुपारपर्यंत. पोराच्या पोटात कावळे ओरडतायत, पाणी मागतोय, तर सिस्टर म्हणे काहीच द्यायचं नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं हे मला नंतर भाचीने सांगितलं, ती स्वतः भूल देते. मग त्याला 'चल, फोटो काढायचाय' असं खोटं सांगून उचलला. सहा वर्षांच्या मुलाला एवढं कळत नाही? ऑपरेशन थिएटरच्या दारात त्याने आईची ओढणी धरली ती सोडेचना.

तिथे वॉर्डातल्या एक मावशी होत्या. त्या सरळ खाली बसल्या, त्याच्या हातात खेळण्यातली लाल एसटी होती ती बघून म्हणाल्या, डायवरसाहेब, गाडी कुठं चालली? हुंदके देत देत म्हणाला कोल्हापूर. मग खंबाटकीत लई धूर असतोय, डायवरनं मास्क लावायला लागतोय बघा, आत ठेवलाय तुमचा. रडणं थांबलं हो त्याचं! साताऱ्याला थांबायचं का असं तोच विचारायला लागला. तेवढ्यात आतून आवाज, 'मावशी, गप्पा काय मारताय, केस लागलीय', आणि वॉर्डबॉयने त्याला खांद्यावर टाकून आत नेला. दार बंद होईपर्यंत त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. नंतर कितीतरी रात्री तो दचकून उठायचा, आणि सलूनमध्ये अंगावर कापड टाकलं तरी भोकाड पसरायचा.

मावशींनी केलं ते संमोहन होतं असं मी म्हणत नाही, ते शिकलेल्या माणसांचं काम. पण भाचीला विचारलं तर ती म्हणाली लहान मुलांच्या बाबतीत सुरुवात अशीच असते, त्याच्या आवडीच्या गोष्टीत त्याला रमवायचं आणि मास्क, सुई जे काय असेल ते त्याच गोष्टीत आणायचं. फ्रान्समधला 2005 सालचा एक अभ्यास तिने दाखवला. 2 ते 11 वर्षांची 50 मुलं, काहींना आधी मिडाझोलम हे भीती कमी करायचं औषध दिलं, काहींना संमोहन. भूल देताना औषधवाल्यांपैकी 68 टक्के घाबरली, संमोहनवाल्यांपैकी 39. आठवड्यानंतर वागणं बिघडलेली मुलं 59 टक्के आणि 26 टक्के. पन्नासच मुलं, म्हणजे काही वेदवाक्य नव्हे, पण हे आकडे तुमच्या लेखात हवे होते, त्या घड्याळाच्या फोटोच्या जागेत सहज बसले असते.

गंमत म्हणजे आमच्या बिलात 'प्री-ऑपरेटिव्ह काउन्सेलिंग' अशी वेगळी ओळ होती, पैशांसकट. कोणाचं काउन्सेलिंग केलं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ते पॅकेजमध्येच येतं आजी. आता तुमचा लेख वाचून पुढच्या बिलात संमोहनपण येईल. मावशींना त्यातलं काय मिळणार ते सांगायला नको.

आणि हो, त्याच पानाच्या मागे छोट्या जाहिरातींत कुठल्याशा बाबाचं 'वशीकरण, 24 तासांत रिझल्ट' छापलंय, मोबाईल नंबरसकट. 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा तुम्हीच अग्रलेख लिहून पाठ थोपटून घेतली होती, आठवतंय का? जाहिरात विभाग वेगळा असतो हे उत्तर पाठवू नका, मागच्या वेळी तेच आलं होतं.

हेडिंगची दुरुस्ती मात्र छापा, त्याच पुरवणीत आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा