विषय: सोमवारी बंद असलेली जेरोनिमोस मॉनेस्ट्री ‘प्रवेशासह’ विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
मॅनेजर, कस्टमर केअर, आणि त्यांच्या वर जे कोणी असतील ते,

आत्ताच तुमच्या सुपरवायझरचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलेय. बुकिंग नंबर, तारखा, व्हाउचर सगळं तुमच्या सिस्टीममध्ये आहे, प्रत्येक फोनला तेच पहिल्यापासून सांगून तोंड दुखलंय त्यामुळे इथे परत लिहीत नाही. स्पेन-पोर्तुगालचं तुमचं कपल पॅकेज, त्यातला लिस्बनचा फुल डे. टूर तुम्हीच आखलीय, त्यात काय काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

लिस्बनची जेरोनिमोस मॉनेस्ट्री, म्हणजे तिथला जुना ख्रिस्ती मठ आणि चर्च, सोमवारी बंद असते. दर सोमवारी. त्यांच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय. तुम्ही आमचा लिस्बनचा दिवस सोमवारी ठेवलात, आयटिनरीत ‘जेरोनिमोस मॉनेस्ट्री (प्रवेशासह)’ असं ठळक अक्षरात छापलंत, टीसीएसचा कर धरून पूर्ण पैसे निघायच्या आधी घेतलेत, आणि आम्हाला बंद दारासमोर नेऊन उभं केलंत. बरं, आदल्या दिवशी म्हणजे रविवारी आम्हाला जवळच्या सिंट्रा गावाला नेलं होतं. सिंट्राचा पेना पॅलेस सोमवारी उघडा असतो आणि जेरोनिमोस रविवारी उघडी असते. दोन दिवसांची नुसती अदलाबदल केली असती तर एक पैसा जास्त लागला नसता. एवढं बघायला तुमच्या ऑफिसात एकालाही वेळ मिळाला नाही?

आता हे आमच्यासाठी एवढं मोठं का, ते पण सांगते, कारण तुमच्या लोकांना ते अजून कळलेलं नाही. माझे मिस्टर रत्नागिरीत शाळेवर इतिहास शिकवायचे. लग्नानंतर आम्ही केरळला गेलो तेव्हा फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्यांनी मला वास्को द गामाची पहिली कबर दाखवली होती, जमिनीत बसवलेला दगड आणि भोवती कठडा. तो 1498 मध्ये कालिकतला आला आणि 1524 मध्ये कोचीतच वारला, पुढे 1539 मध्ये त्याची हाडं पोर्तुगालला नेली, आणि 1880 पासून त्याची कबर या जेरोनिमोसच्या चर्चमध्ये आहे. मिस्टर तेव्हापासून म्हणायचे, एक टोक बघितलं, दुसरं टोक पण कधीतरी बघू. तो माणूस काही आमचा लाडका नाही, त्याने मलबारच्या किनाऱ्यावर काय केलं ते मिस्टरांनी वर्गात मुलांना स्पष्ट शिकवलंय. पण आपला अख्खा पश्चिम किनारा ज्या पोर्तुगीजांमुळे चारशे-साडेचारशे वर्षं ढवळून निघाला त्यांची गोष्ट जिथून सुरू झाली ती जागा डोळ्यांनी बघायची होती. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून हाच एक मोठा खर्च केला. आणि तुमचंच पॅकेज घेतलं कारण त्यात ‘प्रवेशासह’ लिहिलं होतं, दुसऱ्या एका कंपनीचं स्वस्त होतं पण त्यात बाहेरूनच होतं. ही गोष्ट बुकिंगच्या वेळी तुमच्या ऑफिसातल्या मुलीला मी स्वतः सांगितली होती, ती म्हणाली काकू अजिबात काळजी करू नका, तिकीट आम्ही काढून देतो.

त्या सोमवारी सकाळी हॉटेलवर गाडी उशिरा आली. गाईड नाही. ड्रायव्हर भला माणूस होता, तो तोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला की मला फक्त ट्रान्सफर आणि फोटो स्टॉप सांगितलंय, गाईडचं मला काही माहीत नाही. मॉनेस्ट्री आहे त्या बेलेम भागात उतरलो तर मॉनेस्ट्रीचं दार बंद. नदीच्या बाजूचं ते मोठं प्रवेशद्वार, पांढऱ्या दगडात कोरलेले संत, दोरखंडासारख्या वळणांची नक्षी, मधल्या खांबावर पोर्तुगालच्या प्रिन्स हेन्रीचा पुतळा, हे सगळं बाहेरून बघितलं, नाही म्हणत नाही. मिस्टरांनी मला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं की पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाने हे बांधायला घेतलं ते आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के कराच्या पैशातून, म्हणजे यात आपल्या किनाऱ्यावरून गेलेला पैसा आहे. 1755 च्या 1 नोव्हेंबरला भूकंप झाला, पाठोपाठ समुद्राची लाट शहरात घुसली, मग आगी लागल्या आणि निम्मंअधिक लिस्बन गेलं, पण ही इमारत उभी राहिली. त्यांच्या खिशात घडी घातलेला कागद होता, त्यावर पेनाने चर्चचा नकाशा काढलेला, आत शिरल्यावर डाव्या हाताला कबर, तिच्यावर जहाज कोरलंय ते बघायचं, मग क्लॉइस्टरचे, म्हणजे आतल्या चौकाभोवतीच्या ओवऱ्यांचे, दोन मजले. तो कागद हातात धरून ते बंद दाराकडे बघत उभे होते आणि मी तुमच्या ‘24 तास इमर्जन्सी’ नंबरवर फोन लावत होते. रिंग वाजत होती. कोणी उचलला नाही. दुपारी उलटा मेसेज आला, ‘होप यू आर एन्जॉयिंग युअर लिस्बन डे’, तोही हसऱ्या चेहऱ्यासकट.

राहिलेला दिवस आम्ही आमच्या हिमतीवर काढला. आयटिनरीतल्या ट्राम 28 च्या तिकिटांचाही पत्ता नव्हता, ट्राम सुटते त्या मार्तिम मोनिजला ही मोठी रांग, म्हणून चढणीचे रस्ते चालत गेलो, से कॅथेड्रल, मग अल्फामाच्या गल्ल्या, सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्समध्ये भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक रंगवलाय तो मिस्टरांनीच शोधून काढला. वरून टॅगस नदी आणि लाल कौलं इतकी सुरेख दिसत होती की थोडा वेळ दोघंही सगळं विसरलो. शहराबद्दल माझी काडीची तक्रार नाही. लिस्बन फार सुंदर आहे. पण यातलं काहीही तुम्ही दाखवलेलं नाही, त्यामुळे ‘दिवस तर छान गेला ना मॅडम’ हे वाक्य यापुढे मला कोणी ऐकवू नये. मंगळवारी सकाळी लवकरची फ्लाइट तुम्हीच बुक केलेली, म्हणजे परत जायची पण सोय ठेवली नाहीत.

आता आजचा फोन. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं सुरुवातीला टेपवर सांगता ना, तर काढा आणि ऐका.

तुमचे सुपरवायझर म्हणाले, मॅडम तुम्ही मॉनेस्ट्री बाहेरून बघितलीत ना? मी म्हटलं बघितली. म्हणाले, मग सर्व्हिस तर डिलिव्हर झालीय. मी म्हटलं अहो प्रवेशासह लिहिलंय, माझ्या समोर कागद आहे. म्हणाले, फायनल व्हाउचरमध्ये फोटो स्टॉप आहे, फायनल व्हाउचर ग्राह्य धरतात. फायनल व्हाउचर आम्हाला विमानतळावर निघताना मिळालं. मी म्हटलं, म्हणजे सोमवारी बंद असतं हे तुम्हाला माहीत होतं म्हणून गुपचूप शब्द बदललात? तर ते गप्प. पाच-दहा सेकंद गप्प. मग एकदम मोकळे होऊन म्हणाले, मॅडम, सरांना कबरच बघायची होती ना, मग आपल्या गोव्यात आहे की सेंट झेवियरची, तिकडे तर तिकीट पण नाही! आणि हसले. मागे आणखी कोणीतरी हसलं, ते पण मला ऐकू आलं. फोन स्पीकरवर होता. मिस्टर शेजारी बसले होते. काही बोलले नाहीत, उठून आत गेले.

चाळीस पोरांच्या वर्गात ज्यांना कधी कोणी उलटून बोललं नाही त्या माणसाला तुम्ही त्याच्याच पैशाने असं ऐकवलंत. सेंट झेवियरचं ते ओल्ड गोव्याचं बॉम जेझस चर्च आम्हाला तुमच्याइतकंच माहीत आहे, किंबहुना जास्त, मिस्टरांनी शाळेच्या सहली नेल्यात तिथे. एकाची कबर बघितली म्हणजे दुसऱ्याची बघितल्यासारखीच, असं ज्याला वाटतं तो माणूस तुम्ही हेरिटेज टूरच्या तक्रारी ऐकायला बसवलाय. आणि फोन ठेवल्यावर मिनिटभरात एसेमेस, आमच्या सेवेला पाच स्टार द्या. थोडी तरी लाज?

तुम्ही देऊ केलेलं पुढच्या ट्रिपवरच्या दोन हजार सवलतीचं व्हाउचर मला नको. पुढची ट्रिप तुमच्याबरोबर होणार नाही. तुमचं नाव आमच्याकडे घरातल्यासारखं होतं, माझ्या भावाची चारधाम तुमच्याचकडून झाली, नणंदेला सिंगापूरला मीच तुमच्याकडे पाठवलं. आता ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्या सगळ्यांना हे पत्र पण पाठवणार आहे.

मला काय हवंय ते लिहून घ्या. त्या दिवसाचे पूर्ण पैसे परत, म्हणजे गाडी, न आलेला गाईड, न काढलेली तिकिटं सगळं धरून. आणि मिस्टरांच्या नावाने लेखी माफी, त्या सुपरवायझरच्या सहीने, ‘झालेल्या गैरसोयीबद्दल खेद’ असलं छापील वाक्य चालणार नाही, काय बोललो आणि ते चुकीचं होतं हे त्यात आलं पाहिजे. पंधरा दिवस थांबते. त्यानंतर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार आणि इथेच रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथे दाखल करता येते, त्यामुळे तुमच्या हेड ऑफिसपर्यंत खेटे घालावे लागतील म्हणून मी गप्प बसेन असं समजू नका. छापील आयटिनरी, व्हाउचर, बंद दाराचा फोटो, सगळं जपून ठेवलंय.

आणि एक. तुमचं नवीन वेळापत्रक आज बघितलं. नोव्हेंबरच्या ग्रुपला पण लिस्बन सोमवारीच आहे आणि पुढे परत तेच ‘प्रवेशासह’. माझी तक्रार तुमच्याकडे इतके दिवस पडून असताना तुम्ही तेच परत विकताय. त्या लोकांनी पैसे भरले असतील. आमचं काय करायचं ते नंतर ठरवा, पण त्यांचा रविवार-सोमवार आजच्या आज बदला आणि बदलल्याचं मला लेखी कळवा.

बुकिंग ज्यांच्या नावावर आहे त्यांची पत्नी,
रत्नागिरी