एकूण टक्के नव्हे, विज्ञानाच्या तीन विषयांचे गुण बघा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आपल्या अंकात नीट, सीईटी, जेईईवर पानंच्या पानं येतात. ती यायलाच हवीत. पण त्याच दिवसांत खानापूर तालुक्यातले आईबाप मला वेगळाच प्रश्न विचारतात : ‘मॅडम, तुमच्यासारखं डोळ्याचं शिकायला किती टक्के लागतात?’ मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी आहे. दहावीपर्यंत जांबोटी भागातल्या मराठी शाळेत शिकले, पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, बेळगावात केली. या प्रश्नाचं धड उत्तर मराठीत एका जागी कुठे छापलेलं दिसत नाही, म्हणून हे पत्र.

ऑप्टोमेट्रीची पदवी आजवर बहुतेक ठिकाणी चार वर्षांची राहिली आहे. तीन वर्षं शिक्षण आणि चौथ्या वर्षी इंटर्नशिप. चेन्नईला शंकर नेत्रालयाने 1985 साली एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री काढली, तेव्हापासून ही पदवी आपल्या देशात आहे. प्रवेशासाठी बारावी सायन्स लागते आणि बहुतेक ठिकाणी किमान 50 टक्क्यांची अट असते. आरक्षित वर्गाला त्यात काही सूट मिळते. इथवर सगळ्यांना ऐकून माहीत असतं. हे 50 टक्के कशाचे, ते मात्र कुणी विचारत नाही.

गेल्या निकालानंतर एक आई मुलीची मार्कलिस्ट घेऊन आली. मराठीत 97, इंग्रजीत 88, गणितात 84. फिजिक्स 51, केमिस्ट्री 49, बायॉलॉजी 47. सहाशेपैकी 416, म्हणजे 69 टक्के. ‘पोरीचं काम झालं म्हणायचं की मॅडम,’ असं म्हणत ती खुर्चीवर टेकली. मी फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी या तीनच विषयांची बेरीज करून दाखवली : तीनशेपैकी 147. अर्ज करायलाच दीडशे हवेत. तीन गुण कमी. मराठीतले 97 इथे धरत नाहीत, गणिताचे 84 तिला हव्या असलेल्या कॉलेजात चालत नव्हते. ती माउली बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मुलगी हुशार होती. दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीत एकदम इंग्रजीतून फिजिक्स समोर आलं की काय होतं, ते मी स्वतः भोगलं आहे.

तिला वाट होती, पण कॉलेजात तिला ती कुणी सांगितली नव्हती. कर्नाटकात 2024 पासून बारावीची परीक्षा त्याच वर्षी पुन्हा देता येते. नापास झालेल्यांनाच नव्हे, पास झालेल्यांनाही गुण वाढवण्यासाठी बसता येतं आणि जे गुण जास्त तेच धरले जातात. तीन गुणांसाठी वर्ष वाया घालवायची गरज नव्हती. पण ती माझ्याकडे आली तेव्हा त्या परीक्षेच्या अर्जाची मुदत टळून गेली होती.

दुसरा घोळ होतो तो दोन वर्षं आधी, दहावी झाल्यावर कॉम्बिनेशन, म्हणजे विषयांचा गट, निवडताना. ‘कॉम्प्युटर घे, नोकरी लागते’ म्हणून कितीतरी मुलांना पीसीएमसीला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर) घालतात. बायॉलॉजी सुटली की काही ऑप्टोमेट्री कॉलेजांची दारं तिथेच बंद होतात, कारण त्यांना फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीच लागतं. काही ठिकाणी बायॉलॉजीऐवजी गणित चालतं, पण सगळीकडे नाही. ज्याचं मन अजून ठरलेलं नाही त्याने पीसीएमबी (कॉम्प्युटरऐवजी बायॉलॉजी) घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अभ्यास वाढतो हे खरं, पण दोन्हीकडच्या वाटा मोकळ्या राहतात.

आणखी एक. किमान अट म्हणजे प्रवेश नव्हे. 50 टक्क्यांनी फक्त रांगेत उभं राहता येतं. जागा गुणानुक्रमे भरतात, काही नामांकित संस्था आपली वेगळी प्रवेश परीक्षाही घेतात. म्हणून संस्थेला फोन करून नेमकं हे विचारावं : गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, आणि ते गुण कोणत्या विषयांचे? मोबाईलवर शोधून काही मुलं जीपीए आणि ओएटीचे आकडे घेऊन येतात. ओएटी ही अमेरिकेतल्या ऑप्टोमेट्री कॉलेजांची प्रवेश परीक्षा. तिथे आधी कॉलेजशिक्षण घेऊन मग चार वर्षांची डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री करतात. बारावी झालेल्या आपल्या मुलाने त्या आकड्यांनी घाबरून जायचं काहीच कारण नाही.

‘नीटला नंबर लागला नाही, मग हे तरी कर’ असं म्हणून मुलांना इकडे ढकलतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. मी शाळांत डोळे तपासायला जाते. दुसरीतलं पोर फळ्यावरचं दिसत नाही हे सांगत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. अक्षरं विचारली तर लाजून गप्प बसतं. अशा वेळी मी 67 सेंटिमीटरवर बसून रेटिनोस्कोपचा प्रकाश त्याच्या बुबुळावर टाकते. आतून तांबूस उजेड परततो. तो कुठल्या बाजूला सरकतो ते बघत एकेक भिंग बदलत जायचं, सरकणं थांबेपर्यंत. समजा, ते उणे अडीच नंबराच्या भिंगावर थांबलं. पण मी 67 सेंटिमीटरवर आहे, म्हणून त्यातून आणखी दीड वजा करायचा : उणे चार. ते दीड विसरलं तर त्या पोराला तेवढ्या कमी नंबराचा चष्मा जातो आणि फळा पुसटच राहतो. हा दीड येतो कुठून, ते बारावीच्या फिजिक्समधल्या प्रकाशाच्या धड्यात आहे. मुलं ऑप्शनला टाकतात तो हाच धडा. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल आणि वेळेवर चष्मा लागला नाही, तर तो डोळा आळशी होतो. मग वय वाढेल तसा उपचाराचा गुण कमी येतो. म्हणून फिजिक्सचे गुण मागतात ते योग्यच आहे.

सहा महिन्यांत ‘ऑप्टोमेट्रिस्ट’ करून देतो म्हणणाऱ्या एका संस्थेत आमच्या भागातल्या एका मुलाच्या वडिलांनी ऊस बिलाचे पैसे भरले. हातात आलेल्या कागदाचा कुठे उपयोग झाला नाही. 2021 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे या पेशात हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणवून घ्यायला निदान 3,600 तासांची पदवी लागते. पालकांनी पैसे भरण्याआधी एवढा एकच आकडा त्या संस्थेला विचारावा.

सीमाभागातल्या पालकांसाठी दोन गोष्टी मुद्दाम लिहिते. मुलाने बारावी महाराष्ट्रात, चंदगड किंवा गडहिंग्लजला केली म्हणजे कर्नाटकातला हक्क गेला, असं समजू नये. केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे पहिली ते बारावीपैकी सात वर्षं कर्नाटकात शिकलेली असावीत आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक इथून पास असावी. दुसरं, कन्नड माध्यमाचा पाच टक्के कोटा आपल्या मुलांना मिळत नाही, पण ग्रामीण कोटा 15 टक्के आहे आणि तो माध्यम बघत नाही. पहिली ते दहावी कर्नाटकातल्या खेडेगावात शिकलेलं मूल त्यात बसतं, मग शाळा मराठी का असेना.

आपण हे दहावीच्या निकालाआधी, कॉम्बिनेशन ठरण्यापूर्वी छापावं अशी विनंती आहे. ग्रामीण दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही आणि वर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिस्वाक्षरी लागते. एप्रिल-मेच्या सुट्टीत शाळेला कुलूप असतं आणि मुख्याध्यापक गावाला गेलेले असतात. तेव्हा बारावीच्या पालकांनी तो दाखला मार्चमध्येच काढून ठेवावा.

आपली,
एक ऑप्टोमेट्रिस्ट, ता. खानापूर, जि. बेळगाव