त्या पुरळाबद्दल जरा सविस्तर

प्रिय मन्या,

फोटो बघितला. छाती, पोट, पाठ सगळीकडे बारीक लाल पुरळ, दोन्ही बाजूंना सारखंच. आणि तू दोष देतोयस काल घेतलेल्या डोकेदुखीच्या गोळीला! अरे, औषधाचं असलं पुरळ बहुतेक वेळा लगेच उठतच नाही, औषध सुरू केल्यापासून 4 ते 14 दिवसांत येतं, कधीकधी तर कोर्स संपल्यावर. गोळी घेतल्यावर मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत उठतात त्या गांध्या, त्या वेगळ्या. त्यामुळे माझा संशय मागच्या आठवड्यात सुरू केलेल्या अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकवर, पण हा संशयच हं, कारण व्हायरल तापातही अगदी असंच पुरळ येतं. तू एक कर, गेल्या दोन महिन्यांत जे जे पोटात गेलंय ते तारखेसकट लिहून काढ, काढे, व्हिटॅमिन, मेडिकलमधून असंच आणलेलं पेनकिलर, सगळं.

आता महत्त्वाचं. पुरळ किती लाल आहे यावर जाऊ नकोस. आरशासमोर तोंड उघड, ओठांच्या आतून आणि जिभेवर फोड किंवा सोलल्यासारखं दिसतंय का बघ. डोळे लाल, चुरचुरतायत का, लघवीला आग होते का, खाजेपेक्षा कातडी दुखतेय का, ताप आहे का, कुठे पाणी भरलेले फोड? यातलं काहीही असलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ मोठ्या हॉस्पिटलला जायचं. स्टीव्हन्स-जॉन्सन नावाचा, कातडी सोलून निघणारा औषधाचा गंभीर प्रकार असाच सुरू होतो, सल्फा गटातली अँटिबायोटिक्स, फिट्सच्या काही गोळ्या, युरिक अ‍ॅसिडसाठीचं अ‍ॅलोप्युरिनॉल यांनी जास्त. चेहरा सुजला तरी तसंच. आणि श्वास लागला किंवा घसा आवळल्यासारखा झाला तर एक मिनिटही घालवू नकोस.

माझ्या मनगटावरचा काळा डाग आठवतो ना, तू भाजलंय का विचारायचास? तोही औषधाचाच. टिनिडॅझोल नावाची जंतुसंसर्गावरची गोळी घेतली की नेमक्या त्याच जागी जांभळट लाल गोल चट्टा उठायचा, आग व्हायची, मग काळा पडायचा आणि महिनोन्महिने जायचा नाही. दर वेळी तीच जागा, त्यावरूनच त्वचेच्या डॉक्टरांनी ओळखलं.

अमॉक्सिसिलिनचा पुढचा डोस घ्यायच्या आधी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन कर, ते हवं तर दुसरं देतील. (काकूंच्या फिट्सच्या गोळ्यांसारखं औषध असतं तर मनाने बंद करू नको म्हटलं असतं, पण तोंडात फोड आले तर तिथेही त्याच दिवशी हॉस्पिटल.) खाजेला सेट्रिझिन त्यांना विचारून घे, सैल सुती कपडे, साधं मॉइश्चरायझर, बस. घरात पडलेली स्टिरॉइडची ट्यूब उगाच फासत बसू नकोस. औषध बंद केल्यावरही दोन-तीन दिवस पुरळ वाढू शकतं, घाबरू नकोस, मग फिकट होत कातडीचा कोंडा निघतो, आठवडा-दोन आठवडे जातात.

आणि 'परत एक गोळी घेऊन बघू' हा तुझा स्वभाव मला माहितीय, तो इथे अजिबात नको. नक्की झालं की औषधाचं मूळ नाव मोबाईलमध्ये आणि पाकिटात लिहून ठेव, ब्रँडचं नव्हे, ब्रँड दुकानागणिक बदलतो. मात्र अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या गटातलं म्हणून जन्मभराची पेनिसिलिन अ‍ॅलर्जी असा शिक्का स्वतःच मारून घेऊ नकोस, नाहीतर पुढे चांगली औषधं उगाच टाळली जातात, ते अ‍ॅलर्जीवाल्या डॉक्टरांना ठरवू दे.

तोंड-डोळे बघून लगेच कळव. संध्याकाळी डॉक्टरांकडे मी येतो सोबत, सेट्रिझिन घेतलं असशील तर गाडी तू चालवायची नाहीस, झोप येते त्याने.

तुझा,
अवी